संगणकाची भाषा बदलते तेव्हां

दर वर्षीं मे महिन्याची सुटी जवळ आली कीं पालकांकडून आम्हां शिक्षकांस एक प्रश्न हमखास विचारला जातो: "मुलाला संगणकाची कोणती भाषा शिकवावी?" ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत स्टेशनाबाहेर शिकवणीच्या वर्गांच्या ज्या पाट्या लागलेल्या असतात, त्यांवर सी, सी-प्लस-प्लस, जावा, पायथन अशीं नांवें इतक्या दाटीनें लिहिलेलीं असतात कीं, ज्यांनीं यांतील एकही भाषा पाहिलेली नाहीं अशा आईबापांनीं गोंधळून जावें यांत नवल नाहीं. फी भरावयाची ती कष्टाच्या पैशांतून. आणि तिच्या मोबदल्यांत मिळालेली विद्या चार वर्षांनीं जुनी होते असें कानावर आलें, म्हणजे मनास चिंता लागणारच.

या प्रश्नाचें उत्तर एका नांवांत देतां येत नाहीं. कारण या भाषा स्वतः बदलत असतात. त्यांत नव्या सोयी येतात, आणि नवी सोय आली कीं ती वापरून लिहिणाराची रीतही बदलते. ती कां बदलते, आणि बदलांतही कोणती गोष्ट टिकून राहते, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या शब्दांत सांगावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम भाषा म्हणजे काय तें पाहूं. संगणकाकडून एखादें काम करून घ्यावयाचें तर त्यास क्रमानें आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली, किंवा नेहमींच्या बोलण्यांत प्रोग्रॅम, असें म्हणतात. यंत्रास मूळांत कळतात ते केवळ अंक. आपल्या जवळचेंच उदाहरण घ्यावयाचें तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्याच शास्त्रज्ञांनीं बांधलेला 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्याच्या स्मरणांत अवघे २०४८ कप्पे होते. त्यावर काम करणारास कोणत्या कप्प्यांत कोणता अंक ठेवला आहे, हें सर्व स्वतःच्या डोक्यांत किंवा कागदाच्या चिठोऱ्यांवर बाळगावें लागे. एक कप्पा चुकला कीं सारें गणित चुके. पुढें १९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, आणि त्यावर फोरट्रॅन भाषेंत लिहितां येऊं लागलें. ही भाषा जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयबीएम कंपनींत तयार करून १९५७ सालीं लोकांपुढें ठेवली होती. बीजगणिताच्या पुस्तकांत जसें सूत्र लिहितात, जवळजवळ तसेंच तें या भाषेंत लिहावें. कप्प्यांचा हिशेब भाषांतर करणारी दुसरी आज्ञावली पाही. या भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. पूर्वीं ज्या कामास हजार आज्ञा लागत, तें काम पन्नासएक ओळींत होऊं लागलें.

परंतु ओळी कमी झाल्या हा खरा लाभ नव्हे. खरा लाभ हा कीं, कप्प्यांचें ओझें उतरल्यावर लिहिणाराचें लक्ष मोकळें झालें आणि तो गणिताविषयींच विचार करूं लागला. आमच्या सांगण्याचें सार एवढेंच आहे. प्रत्येक चांगली नवी सोय माणसाच्या स्मरणावरील एखादें ओझें उतरवून भाषेच्या नियमांवर ठेवते. आणि ओझें उतरलें कीं लिहिणाराचा हात निराळ्या रीतीनें चालूं लागतो.

ही गोष्ट मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळचे मोडी कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे कीं, मोडी लिहिणारा शब्दांमध्यें जागा सोडीत नसे, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळीत नसे. शब्द कोठें तोडावा, वाक्य कोठें संपलें, हें वाचणाराच्या बुद्धीवर सोपविलेलें असे. पुढें छापखान्यामुळें बाळबोध लिपीचा प्रसार झाला, आणि एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनीं स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह हीं मराठींत रूढ झालीं. हीं चिन्हें दिसावयास केवढीं लहान! पण तीं आल्यावर मराठी वाक्याची घडण बदलली. अवतरणचिन्ह आलें तेव्हां संभाषणाच्या प्रत्येक वाक्यास 'असें तो म्हणाला' हें शेपूट जोडण्याची गरज उरली नाहीं. दोन पात्रांचें बोलणें ओळीखालीं ओळ घालून छापतां येऊं लागलें. चिन्ह नवें आलें म्हणून लिहिण्याची रीत नवी आली. संगणकाच्या भाषांतही हेंच घडत आलें आहे. त्यांतील पांच-सहा ठळक प्रसंग आतां पाहूं.

पहिला प्रसंग उडीच्या आज्ञेचा. आरंभींच्या भाषांत 'गो टू' म्हणजे 'अमुक ओळीवर जा' अशी आज्ञा सर्रास वापरीत. एखादें गोष्टीचें पुस्तक असें आहे अशी कल्पना करा कीं, प्रत्येक पानाच्या शेवटीं 'आतां ४७ व्या पानावर जा' अशी सूचना आहे, आणि त्या पानावर गेल्यावर 'परत ९ व्या पानावर या' असें लिहिलें आहे. वाचणारा थोड्याच वेळांत हरवून जाईल. १९६६ सालीं कोराडो बोम व जुझेप्पे याकोपिनी या दोघां इटालियन शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें कीं, एकामागून एक करणें, अट पाहून दोहोंपैकीं एक करणें, आणि अट टिकेपर्यंत पुन्हां पुन्हां करणें, या तीन रीतींनीं कोणतीही आज्ञावली लिहितां येते. १९६८ सालीं हॉलंडच्या एड्सखर डाइक्स्ट्रा यांनीं एका नियतकालिकास पत्र लिहून उडीची आज्ञा हानिकारक आहे असें स्पष्ट सांगितलें. त्यावर पुष्कळ वाद झाला. पण आज शाळेंतील मूल 'इफ' आणि 'व्हाइल' यांनीं आपली आज्ञावली वरून खालीं, वाचतां येईल अशी लिहितें, तें या वादाचें फळ होय. जावा भाषेंत तर 'गोटू' हा शब्द राखून ठेवला आहे, पण त्यास कोणतेंच काम दिलेलें नाहीं.

दुसरा प्रसंग स्मरणाच्या जागेचा. सी भाषेंत आज्ञावलीस अधिक जागा लागली तर लिहिणारानें ती मागून घ्यावयाची व काम संपल्यावर स्वतः परत करावयाची असते. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाशीं हें ताडून पाहा. पुस्तक नेलें आणि परत केलें नाहीं, तर हळूहळू कपाट रिकामें होतें. पुस्तक परत केलें, पण आपल्याजवळच आहे असें समजून त्याच्या भरंवशावर राहिलें, तर तोंवर तें दुसऱ्याच्या हातीं गेलेलें असतें, आणि हा घोटाळा अधिक वाईट. जॉन मॅकार्थी यांनीं १९६० च्या सुमारास लिस्प भाषेंत अशी योजना केली कीं, ज्या जागेचा आतां कोणीच उपयोग करूं शकत नाहीं ती यंत्रानें स्वतः शोधून परत घ्यावी. म्हणजे न वाचलीं जाणारीं पुस्तकें ग्रंथपालानेंच घरोघर जाऊन गोळा करावीं, तसें. १९९५ सालीं लोकांपुढें आलेल्या जावा भाषेनें ही सोय सामान्य कामगिरीवरील लाखों लोकांच्या हातीं दिली. मग लिहिणाराची रीत कशी बदलली? पूर्वीं नवी वस्तु निर्माण करतांना 'ही परत कोण करील?' हा प्रश्न पुढें उभा राही. म्हणून लोक जपून, थोड्या व मोठ्या वस्तु निर्माण करीत. ती भीति गेल्यावर लहान लहान वस्तु मोकळेपणीं करून एका भागाकडून दुसऱ्याकडे देणें सोपें झालें, आणि मोठें काम लहान भागांत वाटण्याची संवय लागली. अर्थात् या ग्रंथपालासही वेतन द्यावें लागतें: त्याच्या फेरीस यंत्राचा कांहीं वेळ खर्चीं पडतो.

तिसरा प्रसंग यादीवर करावयाच्या कामाचा. वर्गशिक्षकास उत्तीर्ण मुलांचीं नांवें वर्णानुक्रमानें हवीं आहेत असें समजा. जुन्या रीतीनें आज्ञावली अशी लिहीत: एक रिकामी यादी घे; पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत एकेक मूल घे; त्याचे गुण ३५ किंवा अधिक असतील तर त्याचें नांव यादींत घाल; सर्व मुलें संपलीं कीं यादी क्रमानें लाव. २०१४ च्या मार्च महिन्यांत जावाची आठवी आवृत्ति आली, आणि तींत लॅम्डा व स्ट्रीम या नांवांच्या सोयी मिळाल्या. त्या वापरणारा आतां असें लिहितो: या वर्गांतून, ज्यांचे गुण ३५ किंवा अधिक आहेत तीं मुलें, त्यांचीं नांवें, वर्णानुक्रमानें. पहिल्या लिखाणांत यंत्रानें पावलें कशीं टाकावीं हें सांगितलें आहे. दुसऱ्यांत आपणांस काय हवें आहे तें सांगितलें आहे. लॅम्डाची कल्पना लिस्पमध्यें फार पूर्वींपासून होती. पण ज्या भाषेंत बहुसंख्य लोक रोजचें काम करतात त्या भाषेंत ती आली, तेव्हांच बहुसंख्यांच्या लिहिण्यावर तिचा परिणाम झाला. विद्यार्थ्यांनीं मात्र हें ध्यानांत ठेवावें कीं, जो पहिली रीत लिहूं शकतो त्यालाच दुसरींत आंत काय चाललें आहे तें समजतें.

चौथा प्रसंग रिकाम्या जागेचा. आणि तो आम्हां शिक्षकांस विशेष जवळचा वाटतो. हजेरीच्या पुस्तकांत एखाद्या मुलाच्या नांवापुढें कांहींच लिहिलेलें नाहीं असें समजा. तें मूल गैरहजर होतें, कीं शिक्षक खूण करावयास विसरले? रिकाम्या चौकटीवरून कळत नाहीं, आणि ती भरलेली आहे असें धरून पुढें गेलेला सगळा हिशेब चुकतो. १९६५ सालीं टोनी होअर या इंग्रज शास्त्रज्ञानें आल्गॉल डब्ल्यू या भाषेंत 'येथें कांहींच नाहीं' असें दाखविणारी 'नल' ही खूण घातली, कारण ती घालणें फार सोपें होतें. तिच्यामुळें पुढें इतक्या आज्ञावल्या मध्येंच कोसळल्या कीं, २००९ सालीं एका भाषणांत त्यांनीं स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटलें. अलीकडील कोटलिन भाषेंत, जिची पहिली पक्की आवृत्ति २०१६ सालीं निघाली व जिला २०१७ पासून अँड्रॉइड मोबाइलांच्या कामासाठीं गूगलची मान्यता मिळाली, यावर साधा उपाय आहे. जी जागा रिकामी असूं शकते तिच्या प्रकारापुढें प्रश्नचिन्ह लिहावें. प्रश्नचिन्ह असेल तर 'रिकामी असल्यास काय करावें' हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आणि तें नसेल तर तेथें रिकामेपणास प्रवेशच नाहीं. एका चिन्हानें लिहिणारास आधींच विचार करावयास लावलें.

असे नियम कंपायलर आज्ञावली चालण्यापूर्वींच तपासतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या लोहमार्गावरून याची कल्पना नीट येईल. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि पुढल्याच वर्षीं मार्ग कल्याणपर्यंत पोंचला. आज कल्याण जंक्शनाहून एक मार्ग कसाऱ्याकडे व दुसरा कर्जताकडे फुटतो. तेथें एवढ्या गाड्या एकमेकींचे मार्ग ओलांडून जातात त्या केवळ सिग्नलवाल्याच्या दक्षतेवर विसंबून नव्हेत. सांधे व सिग्नल एकमेकांशीं असे जखडलेले असतात कीं, एकमेकांस छेदणाऱ्या दोन मार्गांस एकाच वेळीं मोकळा सिग्नल सामान्यतः देतांच येत नाहीं. चांगली भाषाही हेंच करूं पाहते: चूक झाल्यावर सांपडावी यापेक्षां ती करतांच येऊं नये.

या विचाराचें सर्वांत कडक रूप रस्ट या भाषेंत दिसतें. हा आमचा पांचवा प्रसंग. तिची पहिली पक्की आवृत्ति २०१५ च्या मे महिन्यांत निघाली. तिचा मुख्य नियम मालकीचा आहे: प्रत्येक वस्तूस एका वेळीं एकच मालक. एकेरी लोहमार्गावर ज्या चालकाच्या हातीं टोकन असेल त्याचीच गाडी त्या टप्प्यांत शिरूं शकते, तशांतला हा नियम होय. मालकानें वस्तु दुसऱ्यास दिली कीं तिच्यावरचा त्याचा हक्क संपला. उसनी देतांनाही नियम आहे: वाचावयास अनेकांस द्यावी, पण कोणी तींत फेरफार करीत असेल तर त्या वेळीं दुसऱ्या कोणास ती पाहतांही येणार नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं व गूगलच्या क्रोमियम मंडळीनें २०२० सालीं सांगितलें कीं, त्यांच्याकडे आढळणाऱ्या सुरक्षेच्या गंभीर दोषांपैकीं सुमारें ७० टक्के दोष स्मरणाच्या जागेच्या गैरवापरामुळें होतात. हे शब्द मोठ्या कंपन्यांचे असले तरी त्यांचा संबंध आपल्या घराशीं आहे. ज्या मोबाइलवर आपण पगार पाहतों, फी भरतों आणि लोकलचें तिकीट काढतों, त्याच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे. रस्ट शिकणारास आरंभीं फार जड जातें, कारण कंपायलर पदोपदीं नाकारतो. पण तीं नाकारण्याचीं कारणें वाचतां वाचतां 'ही वस्तु कोणाची?' असा प्रश्न लिहिण्यापूर्वींच मनांत येऊं लागतो, आणि मग तो दुसऱ्या भाषेंत लिहितांनाही साथ सोडीत नाहीं.

सहावा प्रसंग आपल्या मराठीचा आहे. पायथन भाषेच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या, आवृत्तींत साधा मजकूर बाइटांत मोजला जाई. 'ठाणे' हा शब्द यूटीएफ-आठ या नेहमींच्या पद्धतीनें लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर १२ येई. कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. २००८ च्या डिसेंबरांत तिसरी आवृत्ति आली, आणि तींत मजकूर युनिकोडच्या चिन्हांनीं मोजला जाऊं लागला. आतां 'ठाणे' या शब्दाची लांबी ४ येते, 'कल्याण' याची ६, आणि 'डोंबिवली' याची ८. पहिलींतील मूल मात्र अक्षरें अनुक्रमें दोन, तीन व चार मोजील; कारण यंत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचें चिन्ह यांस वेगवेगळें धरतें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः करून पाहावा. तरी पूर्वींपेक्षां अंतर किती कमी झालें! शिवाय नव्या आवृत्तींत गुण ठेवण्याच्या जागेस 'गुण' असेंच देवनागरींत नांव देतां येतें. 'इफ', 'व्हाइल' हे शब्द इंग्रजीच राहिले. परंतु मराठी नांवें व मराठी मजकूर हाताळण्यासाठीं पूर्वीं जी कसरत करावी लागे ती पुष्कळ कमी झाली. जुन्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं बंद झाली. ७ ला २ नें भागलें असतां जुनी आवृत्ति ३ असें सांगे व नवी ३.५ असें सांगते, एवढें सांगितलें म्हणजे जुन्या आज्ञावल्या नव्यांत नेणारांस किती जपावें लागलें असेल याची कल्पना येईल.

यावरून नवें तें सर्व चांगलें असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. पायथनमध्येंच एक लहानसें चिन्ह घालावें कीं न घालावें यावर २०१८ सालीं इतका कडू वाद झाला कीं, त्या भाषेचे जनक ग्विडो व्हान रोसम यांनीं तें चिन्ह मान्य करून नेतृत्वाची जबाबदारी सोडली. तें चिन्ह पुढल्या वर्षीं भाषेंत आलें, आणि आजही कांहीं लोक तें वापरतात व कांहीं टाळतात. उलट गो भाषेच्या कर्त्यांनीं, जेनेरिक्स नांवाची एक सोय पुष्कळांनीं मागितली असतांही, पहिल्या पक्क्या आवृत्तीपासून म्हणजे २०१२ पासून २०२२ पर्यंत ती थांबवून धरली. कारण भाषा लहान राहिली तर दुसऱ्याचें लिखाण वाचणें सोपें राहतें, असा त्यांचा विचार होता. एकाच आज्ञावलींत तीन पिढ्यांच्या रीतींची खिचडी झाली, तर वाचणाराचे हाल होतात. सोय जाणणें हें ज्ञान झालें. ती कोठें वापरूं नये हें जाणणें ही खरी जाण.

आतां पालकांच्या चिंतेकडे वळूं. आमचा एक माजी विद्यार्थी एका महाविद्यालयांत टर्बो सी-प्लस-प्लस या साधनाच्या निळ्या पडद्यावर शिकला. हें साधन १९९० सालीं निघालें, आणि आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत दोन दशकांहून अधिक काळ टिकलें. नोकरीच्या पहिल्या आठवड्यांत त्याच्यापुढें त्याच भाषेचें लिखाण ठेवण्यांत आलें, तेव्हां त्यास आरंभीच्या ओळीही ओळखूं येईनात. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. १९९८ च्या प्रमाणानें आरंभींच्या ओळींची घडण बदलली होती, आणि २०११ च्या प्रमाणानें लॅम्डा, जागेचा हिशेब स्वतः ठेवणारे पॉइंटर, व यादीवरून सहज फिरणारी नवी 'फॉर' आज्ञा हीं आलीं होतीं. तो निराश होऊन आम्हांकडे आला व म्हणाला, "सर, माझीं चार वर्षें पाण्यांत गेलीं." आम्हीं त्यास कागदावर दोन रकाने आंखावयास सांगितलें. एकांत काय बदललें तें, व दुसऱ्यांत काय बदललें नाहीं तें. पहिल्या रकान्यांत चिन्हें, नांवें आणि आज्ञांचीं रूपें आलीं. दुसऱ्यांत आलें तें असें: मोठ्या प्रश्नाचे लहान भाग करणें, यादींतून हवी ती वस्तु लवकर कशी शोधावी, रांग व चळत यांतील भेद, अट चुकली तर काय होईल याचा आधींच विचार, आणि चुकीचा माग काढण्याची चिकाटी. दुसरा रकाना पाहून त्याचा धीर परत आला. पहिल्या रकान्यांतील अंतर त्यानें कांहीं महिन्यांत भरून काढलें. दुसरा रकाना रिकामा असता, तर नव्यांत नवी भाषा शिकूनही त्याचें काम झालें नसतें.

अलीकडे आणखी एक गोष्ट झाली आहे. २०२१ पासून गिटहब कोपायलट व २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटी अशीं साधनें आज्ञावलीचा मजकूर स्वतः जुळवून देऊं लागलीं. कित्येक पालक विचारतात कीं, यंत्रच लिहिणार असेल तर मुलांनीं शिकावें कशाला? वर सांगितलेल्या सर्व प्रसंगांत जो धडा आहे तोच येथेंही लागू पडतो. लिहिण्याचें ओझें कांहींसें उतरलें. वाचून पारखण्याचें वाढलें. यंत्रानें दिलेल्या लिखाणांत रिकाम्या चौकटीचा विचार केला आहे कीं नाहीं, हें पाहणारें डोळे माणसाचेच हवेत. आणि चूक झाली तर उत्तरदायी तोच. ज्यानें स्वतः कधीं लिहिलें नाहीं त्यास दुसऱ्याचें लिखाण पारखतां येत नाहीं, हें निबंध तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकास विचारावें.

तेव्हां विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें. एकच भाषा घ्या. ती आजच्या आवृत्तींत घ्या. आणि तींत सावकाश, पूर्ण शिका. पायथनसारख्या भाषा फुकट मिळतात. त्यांस लागतो तो वेळ. नवी सोय पुढें आली कीं तिच्यामागें धांवण्यापूर्वीं विचारा: ही माझें कोणतें ओझें उतरविते, आणि तें कोणावर ठेवते? मग एकच उदाहरण जुन्या व नव्या अशा दोन्हीं रीतींनीं लिहून शेजारीं शेजारीं ठेवा. जें अधिक स्पष्ट वाचतां येईल तें राखा. दुसऱ्यांनीं लिहिलेलें वाचण्याची संवय लावा. कारण कामावर रुजू झाल्यावर लिहिण्यापेक्षां वाचणेंच अधिक करावें लागतें.

आणि पालकांस विनंति ही कीं, पाटीवरील नांवें मोजूं नयेत. वर्गांत जाऊन दोन गोष्टी विचाराव्या: शिकविण्यांत येते ती आवृत्ति कोणत्या सालची, आणि मूल स्वतःच्या हातानें किती लिहितें? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून शिकविणारा काळाबरोबर आहे कीं नाहीं हें कळेल. दुसऱ्यावरून मुलाच्या हातीं काय उरणार आहे तें कळेल. आज सातवी-आठवींत असलेलीं मुलें नोकरीस लागतील तेव्हां या भाषांत आणखी कितीतरी सोयी आलेल्या असतील. त्या सर्व आधीं शिकवितां येणार नाहींत, आणि शिकविण्याची गरजही नाहीं. सोय कशासाठीं येते हें ज्यास एकदां समजलें, तो पुढली सोय आपली आपण शिकेल.